एका जोडनावाची कुळकथा

पूर्व लंडनमध्ये डिस्ट्रिक्ट लाइनच्या डॅगनम ईस्ट स्थानकावर उतरून पाचसात मिनिटे चालत गेले, की एकसारख्या घरांच्या रांगांमागे व्हिक्टोरिया रोड या नावाचे एक आटोपशीर फुटबॉल-मैदान लागते. तेथे खेळणाऱ्या संघाचे नाव ‘डॅगनम आणि रेडब्रिज’. 1992 साली दोन क्लबांच्या विलीनीकरणातून हा संघ जन्मला, एवढी नोंद कोठेही सापडते. परंतु त्या दोहोंपैकी एक क्लब स्वतःच तीन घराण्यांच्या संगमातून झालेला होता, आणि त्या तीनही घराण्यांची नावे आज त्या मैदानाच्या पाटीवर नाहीत.

या जोडनावातील पहिला शब्द उघडउघड गावाचा आहे. दुसरा मात्र मुळात एका पुलाचा. रोडिंग नदीवर तांबड्या विटांचा एक जुना पूल होता, तो 1921 साली पाडला गेला. पूल गेला तरी त्याचे नाव त्या परिसराला चिकटून राहिले. आणि 1965 साली एसेक्स परगण्याची पश्चिमेकडील गावे तोडून ती बृहद्‌लंडनच्या कारभारात सामील करण्यात आली, तेव्हा इल्फर्ड व त्याच्या शेजारची गावे मिळून जो नवा नगरविभाग दप्तरात नोंदला गेला, त्याला त्यांपैकी कोणत्याही गावाचे नाव न देता या नाहीशा झालेल्या पुलाचे नाव देण्यात आले. आश्चर्य हे, की व्हिक्टोरिया रोडचे मैदान रेडब्रिजच्या हद्दीत नाहीच. ते शेजारच्या बार्किंग-डॅगनमच्या हद्दीत आहे. मग त्या पुलाचे नाव येथवर आले कसे, हे सांगणे म्हणजेच या क्लबाची कुळकथा सांगणे होय.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे 1881 साली स्थापन झालेला इल्फर्ड क्लब. त्यामागून 1886 साली लेटनस्टोन आणि 1900 साली वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू. तिन्ही गावे एकमेकांच्या आसपासची, तिन्ही क्लब हौशी. इंग्लंडमध्ये 1885 साली धंदेवाईक खेळाला अधिकृत मान्यता मिळाली होती. तरीही खेळासाठी मोबदला घेणे कमीपणाचे मानणारा एक मोठा वर्ग शिल्लक होता, आणि त्या वर्गाने 1905 साली ‘इस्थमियन लीग’ नावाची जी स्पर्धा सुरू केली तिच्या संस्थापकांत इल्फर्ड होता. या लीगचे ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये होते. त्याचा अर्थ ‘मान पुरेसा आहे’ असा. ते केवळ शोभेचे नव्हते, कारण विजेत्याला चषकही मिळत नसे आणि पदकही मिळत नसे. पुढे अनेक क्लबांत या व्रताला तडे गेले, गुणी खेळाडूच्या बुटांत सामन्यानंतर नोटा ठेवल्या जाऊ लागल्या आणि ती गोष्ट सर्वांस ठाऊक असूनही कोणी उच्चारीत नसे, हेही खरे आहे. परंतु दिवसभर कारखान्यात वा कचेरीत राबून संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करणारा आणि शनिवारी दुपारी आपल्या गल्लीतल्या माणसांसमोर खेळणारा खेळाडू हाच या क्लबांचा कणा होता, आणि निमव्यावसायिक फुटबॉलचा तोच आजही कणा आहे.

या हौशी जगाचा सर्वोच्च सन्मान म्हणजे ‘एफ. ए. ॲमॅच्युअर कप’. इल्फर्डने तो 1929 व 1930 अशी दोन वर्षे ओळीने जिंकला. लेटनस्टोनने 1947, 1948 आणि 1968 साली. ॲव्हेन्यूने 1952 व 1961 साली. यांतील 1952 च्या अंतिम सामन्याकडे क्षणभर थांबून पाहिलेच पाहिजे. वेम्बलीवर लाखभर प्रेक्षक जमले होते, आणि ते कोणासाठी, तर वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू व त्याच्या शेजारचाच लेटन क्लब यांच्यासाठी! ॲव्हेन्यूच्या त्या मोसमातील संघात ट्रेव्हर बेली होता. आपल्याकडील क्रिकेटप्रेमी ज्याला इंग्लंडचा चिवट अष्टपैलू म्हणून ओळखतात तोच हा बेली. दुसरा मोहरा जिम लुइस, व्यवसायाने फिरता विक्रेता. पुढल्याच वर्षी, 31 जानेवारी 1953 रोजी, एफ. ए. कपच्या चौथ्या फेरीत या हौशी मंडळींची गाठ ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी पडली. युनायटेड हा आदल्या मोसमातील लीगविजेता संघ. ॲव्हेन्यूच्या गोलजाळ्यासमोर उभा असलेला स्टॅन गेरूला हा पोलंडचा. गेरूलाने अडवले, लुइसने गोल केला, आणि सामना 1–1 असा बरोबरीत सुटला. हायबरी मैदानावरील फेरसामन्यात ॲव्हेन्यू 5–2 असा हरला, पण ते दोन्ही गोल पुन्हा लुइसचेच. याच लुइसने हौशी राहूनच चेल्सीकडूनही खेळून 1955 च्या लीगविजेतेपदात आपला वाटा उचलला.

मग हे क्लब बुडाले कसे? पराभवांनी नव्हे. दूरचित्रवाणी घरात आली, मोटारी आल्या, आणि शनिवारी दुपारी मैदानाकडे वळणारी पावले मोठ्या क्लबांच्या दिशेने वळली. 1974 साली फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच कागदोपत्री पुसून टाकला, त्याबरोबर ॲमॅच्युअर कपही संपला. त्याचा शेवटचा अंतिम सामना खेळून बिशप्स स्टॉर्टफर्डकडून 4–1 असा हरलेला संघ इल्फर्डचाच होता. आता खेळाडूंना उघडपणे पैसे द्यावयाचे आणि दारावरची वसुली मात्र आटलेली. अशा वेळी कारभारी मंडळाच्या हाती एकच मोलाची वस्तू उरली होती : पायाखालची जमीन. लंडनच्या उपनगरातील तीन-चार एकरांची किंमत क्लबाच्या साऱ्या मिळकतीहून कितीतरी अधिक होती. इल्फर्डचे लिन रोड, लेटनस्टोनचे ग्रॅन्ली रोड, ॲव्हेन्यूचे ग्रीन पॉन्ड रोड ही तीनही मैदाने आज अस्तित्वात नाहीत. माझ्या मते या कुळाच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणजे ही मैदाने हातची जाणे, विलीनीकरणे तिच्या मागून आली. ज्याचे घर गेले त्याने दुसऱ्याच्या घरी राहावयास जाणे ओघानेच आले.

1979 साली इल्फर्ड व लेटनस्टोन एकत्र आले. त्या वेळी दोघांचीही नावे जपली गेली; क्लब ‘लेटनस्टोन-इल्फर्ड’ म्हणून ओळखला गेला आणि त्या नावाने त्याने 1982 व 1989 साली इस्थमियन विजेतेपद मिळवले. 1988 साली वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू त्यात सामावला, आणि पुढच्या वर्षी तीन नावांऐवजी एक नवे नाव घेण्यात आले : ‘रेडब्रिज फॉरेस्ट’. रेडब्रिज हा इल्फर्डचा नगरविभाग, तर लेटनस्टोन व वॉल्थमस्टो ज्यात मोडतात तो वॉल्थम फॉरेस्ट. दोन्ही सरकारी नावांतून एकेक तुकडा घेऊन हे नाव सांधलेले होते. कोणा एकाला झुकते माप मिळू नये हा हेतू प्रामाणिक होता, यात संशय नाही. तरीही ही चूक झाली असे मी म्हणेन. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या दोन फुटबॉल-संघांचे उद्या एकीकरण झाले, आणि नव्या संघाला महापालिकेच्या एखाद्या वॉर्डाचे नाव दिले, तर शाहू स्टेडियमवर ओरडायला येणारा माणूस कोणत्या नावाने ओरडेल? तालमीचे नाव हेच त्याचे निशाण असते.

आता डॅगनम. हे चौथे घराणे वयाने फार लहान, आणि त्याची माती निराळी. पहिल्या महायुद्धानंतर लंडन काउंटी कौन्सिलने बेकनट्री येथे कामकरी कुटुंबांसाठी सुमारे सत्तावीस हजार घरे उभारली, 1931 साली थेम्स नदीकाठी फोर्डचा मोटार-कारखाना सुरू झाला, आणि एका खेड्याचे पाहता पाहता कामगारांचे नगर झाले. त्या नगराने 1949 साली आपला क्लब स्थापन केला व 1955 साली तो व्हिक्टोरिया रोडवर आला. तेथे त्यापूर्वी ब्रिग्ज या मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्याचा संघ खेळत असे. तो संघ 1959 साली फोर्डच्या संघात मिळून ‘फोर्ड युनायटेड’ झाला, आणि 2004 साली त्यानेही ‘रेडब्रिज’ हेच नाव धारण केले, तेव्हा एका नाहीशा पुलाच्या नावावर या भूमीवरील दोन भाऊबंदांचा हक्क झाला. डॅगनमने 1970 व 1971 असे ओळीने दोन ॲमॅच्युअर कप अंतिम सामन्यात गमावले. 1980 साली मात्र मॉस्लीला 2–1 असे हरवून लीगबाहेरील क्लबांसाठीची ‘एफ. ए. ट्रॉफी’ जिंकली.

1991 साली रेडब्रिज फॉरेस्टने इस्थमियन लीग जिंकून तिच्या वरच्या ‘कॉन्फरन्स’ या स्पर्धेत प्रवेश मिळवला, पण स्वतःचे मैदान नसल्याने तो डॅगनमकडे भाडेकरू म्हणून राहू लागला. पाहुण्याकडे वरच्या लीगमधील जागा, यजमानाकडे मैदान आणि मैदानाभोवतीचे गाव. एका वर्षात, 1992 साली, दोघांनी एकच घर केले. या खेपेस दोन्ही नावे ठेवण्याचे शहाणपण दाखवले गेले, परंतु तोवर इल्फर्ड, लेटनस्टोन आणि वॉल्थमस्टो ही नावे आधीच पुसली गेली होती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 2002 साली कॉन्फरन्सचे विजेतेपद केवळ गोलफरकाने बॉस्टन युनायटेडकडे गेले. पुढच्या वर्षी बढतीचा अंतिम सामना डॉनकास्टरविरुद्ध जादा वेळेतील एका गोलाने हातचा गेला. आणि अखेर 2007 साली, जॉन स्टिल यांच्या मार्गदर्शनाखाली, हा संघ कॉन्फरन्सच्या वरच्या, धंदेवाईक ‘फुटबॉल लीग’मध्ये पोहोचला. 2010 साली वेम्बलीवर रॉदरहॅमला 3–2 असे नमवून तो आणखी एक पायरी चढला, आणि 2016 साली पुन्हा लीगबाहेर आला.

या कुळाने एकंदर सात वेळा ॲमॅच्युअर कप जिंकला आहे. त्यांपैकी एकही आजच्या नावाने जिंकलेला नाही, आणि ज्यांनी ते जिंकले त्यांपैकी एकाचेही नाव आजच्या नावात नाही.