तबकडी घरातली, चावी दूरची

राज्यांचा, लढायांचा आणि ग्रंथांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. दिवाणखान्यातील यंत्रांचा इतिहास मात्र जाहिरातदारांच्या हाती सोपवून आपण मोकळे झालो आहोत. वास्तविक संसारी माणसाच्या सुखदुःखाशी या यंत्रांचा संबंध राजेरजवाड्यांपेक्षा अधिक निकटचा असतो. त्यातही बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांच्या बिऱ्हाडात तबकडी वाजविणाऱ्या यंत्राचे स्थान काय होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. गाव बदलले, शेजार बदलला, कानांवर पडणारी भाषा बदलली, तरी पेटीतील बालगंधर्वांची तबकडी तीच राहिली. याच जातीच्या यंत्राला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी जोडणी मिळाली. त्यानंतर ते विकत घेणाऱ्यांना कोणते अनुभव आले आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट एमिल बर्लिनर याने १८८७ साली मिळविले. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहर जानचे गायन मुद्रित केले. १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्या काढण्याचा कारखानाही उभा राहिला. त्या काळच्या खरेदीदाराला गैरसोयी थोड्या नव्हत्या. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपे, सुई वरचेवर बदलावी लागे, कमान तुटे. परंतु चावी त्याच्या हातात होती, आणि हे आम्ही केवळ अलंकाराने म्हणत नाही. ती फिरवली की यंत्र चाले, न फिरवली तर थांबे. बिघडलेच तर कोणताही हुशार कारागीर ते उघडून नीट करी. ज्या कंपनीने ते विकले, तिला त्या घरात डोकावण्याचे पुन्हा कारण नसे.

पुढे एकाच लाकडी कपाटात रेडिओ आणि ग्रामोफोन नांदू लागले व त्यास रेडिओग्राम हे नाव पडले. तबकडी आणि बिनतारी यांचा हा पहिला संसार होय. त्यात बिनतारीवर सरकारची नजर होती. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे हा गुन्हा होता, आणि परवान्याचे पैसे पोस्टात भरण्याचा वार्षिक विधी अनेक घरांत पाळला जाई. तथापि परवाना संपला म्हणून शेजारच्या कप्प्यातील ग्रामोफोन मुका होत नसे. एकाच छताखाली राहूनही त्यांचे प्रपंच वेगळे होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तबकडीला कुलूप लागले ते फार पुढे. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीने काँपॅक्ट डिस्कचे पहिले यंत्र विक्रीस आणले, तेव्हा कोणत्याही देशातील तबकडी कोणत्याही देशात वाजत असे. १९९६ च्या नोव्हेंबरात, जपानमध्येच, डीव्हीडी आली आणि तिने जगाची विभागणी केली: अमेरिका पहिल्या विभागात, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्यात, हिंदुस्थान पाचव्यात. ब्लू-रे तबकडीने हे विभाग तीनांवर आणले. त्यांत हिंदुस्थान चीन व रशियासह 'सी' विभागात बसला. परदेशी वकिलातीत तीन वर्षे काढून परतलेल्या अधिकाऱ्याने तेथे रीतसर पैसे मोजून घेतलेली तबकडी येथील यंत्रात घालावी आणि पडद्यावर नकाराची पाटी उमटावी, असा हा न्याय होता.

ब्लू-रेचा जन्मही भांडणात झाला. २००६ च्या एप्रिलमध्ये तोशिबाने अमेरिकेत एचडी डीव्हीडीचे यंत्र ४९९ डॉलरला बाजारात आणले; जूनमध्ये सॅमसंगचे ब्लू-रे यंत्र ९९९ डॉलरला आले. दोन्हींच्या तबकड्या आकाराने सारख्या, पण एकीचे यंत्र दुसरीला ओळखीत नसे. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली आणि हजारो घरांतील धडधाकट यंत्रे एका दिवसात पोरकी झाली. विजयी पक्षाच्या ग्राहकांचीही धडगत नव्हती. आरंभीच्या ब्लू-रे यंत्रांना इंटरनेटशी जोडण्याची सोय असणे बंधनकारक नव्हते. पुढे 'बीडी-लाइव्ह' या नव्या इयत्तेत ती आवश्यक ठरली. ज्यांनी जास्त पैसे देऊन आधी खरेदी केली, ते मागच्या बाकावर राहिले.

आता जोडणी हवी तर तार हवी, आणि दूरचित्रवाणी ज्या खोलीत असे तेथे ती तार क्वचितच पोहोचलेली असे. म्हणून २००९ च्या सुमारास एलजी, सोनी आदी कंपन्यांनी यंत्रातच वायफाय बसविले. आपल्याकडे त्याचा मार्ग २००५ च्या जानेवारीत मोकळा झाला होता, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सरकारने परवानामुक्त केला, आणि एके काळी ज्या बिनतारीसाठी पोस्टाची खिडकी गाठावी लागे, ती विनापरवाना घरात आली.

खरेदीदारांचे पहिले अनुभव मोठे बोधप्रद आहेत. खोक्यावर 'वायरलेस रेडी' असे छापलेले असे. घरी आल्यावर समजे की यंत्र तयार आहे, पण त्यात खोचावयाचा बिनतारी खुंटा निराळा विकत घ्यावयाचा आहे. परवलीचा शब्द दूरनियंत्रकाच्या बाणांनी पडद्यावरील एकेक अक्षर गाठीत भरावा लागे. एक अक्षर चुकले की सारे पहिल्यापासून. जाड भिंतींतून लहरी पोहोचत नसत. त्यातून हाच पट्टा मायक्रोवेव्ह भट्टीही वापरत असल्यामुळे स्वयंपाकघरात दूध गरम होऊ लागले की दिवाणखान्यातील चित्र अडखळे.

या झाल्या किरकोळ तक्रारी. मुख्य गोष्ट अशी की, ब्लू-रे तबकडीवरील गुप्तलेखनाच्या किल्ल्या ठराविक काळाने बदलत आणि नवी तबकडी वाचण्यासाठी यंत्राच्या अंतरंगातील आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, नवी करावी लागे. २०१० च्या एप्रिलमध्ये 'अवतार' चित्रपटाची तबकडी निघाली, तेव्हा पुष्कळांच्या यंत्रांनी ती चालविण्यास नकार दिला. यंत्र बिघडलेले नव्हते, तबकडीही सदोष नव्हती. दूरवरून येणारा नवा हुकूम तेवढा आला नव्हता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, बिनतारीमुळेच हा दोष घरबसल्या दूर करता येई. १९४८ साली लाँगप्ले तबकडी निघाली, तेव्हा ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोनला ती शिकविण्याचा उपायच नव्हता. नवे यंत्र शिकू शकत होते, हा त्याचा मोठाच गुण.

पण ज्याला दुरून शिकविता येते, त्याला दुरून विसरावयासही लावता येते. २०१५ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबने आपली जुनी व्यवस्था बंद केली आणि २०१२ पर्यंतच्या अनेक दूरचित्रवाणी संचांतून व ब्लू-रे यंत्रांतून ती सोय नाहीशी झाली. खोक्यावर जे गुण छापून किंमत घेतली होती, त्यांपैकी एक ग्राहकाच्या संमतीवाचून वजा झाला. याहून विलक्षण प्रकार २०२० च्या जूनमध्ये घडला. अनेक घरांतील सॅमसंगची ब्लू-रे यंत्रे एकाएकी चालू होत, बंद पडत आणि पुन्हा चालू होत राहिली. कोणतेही बटण दाबून उपयोग होईना. कंपनीकडून जाळ्यावाटे आलेल्या एका सदोष फाइलमुळे हे घडल्याचा निष्कर्ष जाणकारांनी काढला. कंपनीने यंत्रे परत मागवून दुरुस्त करून दिली, हे तिला भूषणावह. परंतु ज्यांनी आपले यंत्र जाळ्याशी जोडलेच नव्हते, त्यांना दुरुस्तीची गरजच पडली नाही, हे आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते.

रेडिओग्रामशी तुलना येथे पुरी होते. तेथे बिनतारी मुकी झाली तरी तबकडी गात राही. येथे बिनतारीने तबकडीचाही गळा धरला. पहिल्या व्यवस्थेत सरकार परवाना मागे आणि त्याची पावती देई. दुसरीत परवाना कोणी उघडपणे मागितला नाही. तो यंत्राच्या पोटात न दिसता बसला आणि तो केव्हा संपेल हे खरेदीच्या दिवशी कोणी सांगितले नाही. पावतीवर 'विक्री' असे लिहिले होते; व्यवहार पुष्कळसा भाडेपट्ट्याचा होता.

आता हा अध्यायही मावळतीला लागला आहे. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवी यंत्रे काढणे थांबविले. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेपुरता तोच निर्णय घेतला. २०२४ च्या अखेरीस एलजीही बाजूला झाली. टपालाने तबकड्या पाठविणाऱ्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचे पाकीट रवाना केले. ज्या बिनतारीला तबकडीची सोबतीण म्हणून घरात घेतले, तिनेच यथावकाश घराचा ताबा घेतला.

असे असूनही पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्रात त्या वेळची तबकडी घातली असता बहुधा ती आजही चालते; त्याच यंत्रातील बिनतारी सोयी मात्र बहुतेक निर्जीव झाल्या आहेत. बदलीचा हुकूम आल्यावर सामानाच्या यादीत काय लिहावयाचे, याचा निर्णय करताना आमच्या वाचकांना हा भेद उपयोगी पडावा. जाळे तोडल्यावर जे उरते तेवढेच आपले. पेटीत भरण्यासारखे तेवढेच असते, आणि नव्या गावी पहिल्या रात्री, जोडणी मिळण्यापूर्वी, सोबतीला येणारेही तेवढेच.