धूसर काचेमागची मुलगी

गेल्या पावसाळ्यात माझी नात शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधत बसली होती. आठवीतली मुलगी, आणि विषय 'युद्ध आणि छायाचित्रं'. आईच्या मोबाइलवर तिने कुणाची तरी एक पोस्ट उघडली, तर फोटोच्या जागी नुसता करडा धुरळा! मधोमध डोळ्याचं चित्र, त्यावर तिरपी रेघ, आणि खाली सूचना की हा मजकूर संवेदनशील आहे, काही जणांना तो पाहून त्रास होऊ शकेल. त्याखाली एक बटण. तिने मान वर केली.

''आजोबा, दाबू का?''

धुरळ्यामागे कोणता फोटो आहे, हे सोबतच्या ओळींवरून मला कळलं होतं. हा फोटो मी पंचवीसेक वर्षं वर्गात दाखवला आहे. तरी मला चटकन 'दाब' म्हणता येईना.

रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, ही आज माझी सोयच आहे. तो मला शब्दांनीच सांगावा लागेल. 8 जून 1972. दक्षिण व्हिएतनाममधलं ट्रांग बांग हे गाव. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने तिथे नॅपाम टाकलं. नॅपाम म्हणजे घट्ट केलेलं इंधन. ते कातडीला चिकटतं आणि जळत राहतं. गावातून मुलं रस्त्यावर धावत सुटली आहेत. मध्ये नऊ वर्षांची एक मुलगी आहे, किम फुक. तिच्या अंगावर कपडे नाहीत, कारण ते जळून गेलेत. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तोंड उघडं. मागे सैनिक, आणि त्यांच्यामागे काळा धूर.

हा फोटो 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेच्या सायगाव कचेरीत आला, तेव्हा पहिला प्रश्न युद्धाचा निघाला नाही, नग्नतेचा निघाला. उघड्या शरीराचा फोटो पाठवायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. त्या नियमावर बोट ठेवून आधी नकारच मिळाला. हॉर्स्ट फास या ज्येष्ठ छायाचित्र संपादकाने हट्ट धरला, न्यूयॉर्कशी बोलणी झाली आणि एक तोड निघाली: फोटो जाईल, पण एकट्या मुलीचा जवळून कापलेला भाग पाठवायचा नाही. ही तोड मला फार शहाणपणाची वाटते. मुलगी दिसेल, पण रस्ता, सैनिक आणि धूर यांच्यासह दिसेल. 1973 मध्ये या फोटोला पुलित्झर पुरस्कार मिळाला. (तो निक उट यांनी काढला, असंच आपण सारे मानत आलो. 2025 मध्ये एका माहितीपटाने त्यावर शंका घेतली. 'वर्ल्ड प्रेस फोटो'ने श्रेय स्थगित केलं, 'असोसिएटेड प्रेस'ने कायम ठेवलं. तो वाद स्वतंत्र आहे.)

आता माझ्या वर्गाकडे येतो. 1984 साल. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी इतिहास शिकवत होतो. एका जुन्या मासिकातून हा फोटो कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतरचं जग शिकवताना एके दिवशी तो काही न बोलता फळ्याला टेकवून ठेवला. मुलं हादरली पाहिजेत, तरच इतिहास डोक्यात शिरतो, असा तेव्हा माझा समज होता. मुलं हादरली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, दारापर्यंतही पोचली नाही, तिथेच तिला ओकारी झाली. तिची थोरली बहीण आदल्या वर्षी सासरी जळून गेली होती. गावात सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. पुठ्ठा उचलताना ते माझ्या मनात आलं नाही, एवढंच.

त्या काळी वर्तमानपत्रांत दर दोन-चार दिवसांनी 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता ठार' असा मथळा असे. त्या भडक्यामागे पुष्कळदा काय असे, हे घराघरांत ठाऊक होतं. 1983 मध्ये दंडविधानात 498-अ कलम आलं, तरी मथळा काही बदलला नाही. ती एक प्रकारची धूसर काचच होती, आणि तिला बटणही नव्हतं.

त्या दिवसानंतर मी फोटो दाखवणं थांबवलं नाही, पण आधी तीन-चार वाक्यं सांगू लागलो. काय दिसणार आहे, कुठलं आहे, कुणाच्या अंगावर भाजल्याच्या जखमा आहेत. ज्याला नको असेल त्याने वहीत डोकं घालावं, मी काही विचारणार नाही. बहुतेक मुलं बघत. एखाददुसरं मूल वहीत बघे. कुणी कुणाला हसलं नाही.

खरं तर अशी सूचना मी याच्या कितीतरी आधी ऐकली होती. 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगभूमीवर आणलं. त्यात भाऊ गरोदर बहिणीला तुडवतात आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. नाट्यपरीक्षण मंडळाला तो लाल डाग खटकला. लागूंनी डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी जाहीर करायला सुरुवात केली की, मंडळाच्या सूचनेवरून डाग निळा केला आहे, प्रेक्षकांनी तो लाल समजावा! मी थोरल्या भावाबरोबर हे नाटक पाहिलं, तेव्हा घोषणेला थोडी खसखस पिकली. पुढे तो डाग आला तेव्हा कुणी हसलं नाही. मला तर तो आजही लालच आठवतो. काय झाकलं, कुणी झाकलं आणि खाली काय आहे, हे सगळं एका वाक्यात सांगणारी दुसरी सूचना माझ्या पाहण्यात नाही.

मोबाइलवरची सूचना यातलं काहीच सांगत नाही. मजकूर संवेदनशील आहे, म्हणजे काय आहे? युद्ध आहे, अपघात आहे, शस्त्रक्रिया आहे, की आणखी काही? सगळ्यावर एकच चिठ्ठी. शब्दाचीही गंमत पाहा. मराठीत संवेदनशील असायचं ते माणूस. दुसऱ्याचं दुःख ज्याला जाणवतं तो. आता तो गुण फोटोच्या अंगाला चिकटला आणि बघणाऱ्याच्या वाट्याला बटण आलं.

हा फोटो तर पूर्वी धूसर न करता सरळ काढूनच टाकला होता. 2016 मध्ये नॉर्वेतले लेखक टॉम एगेलान यांनी युद्धाचा इतिहास बदलणाऱ्या फोटोंविषयी फेसबुकवर लिहिलं. त्यात हा फोटो होता. फेसबुकने तो हटवला, कारण उघड्या लहान मुलीचा फोटो नियमात बसत नव्हता. एगेलान यांचं खातंही काही काळ बंद केलं. 'आफ्टेनपोस्टेन' या तिथल्या दैनिकाने टाकलेला फोटो गेला.  मग दैनिकाचे संपादक एस्पेन एगिल हान्सेन यांनी मार्क झुकरबर्ग यांना उद्देशून पहिल्या पानावर अनावृत पत्र छापलं. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी फोटो टाकला, तोही गेला! फेसबुकने आधी सांगितलं की, एका ठिकाणी असा फोटो चालू द्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हा भेद करणं अवघड आहे. आणि त्याच 9 सप्टेंबरला निर्णय फिरवून फोटो परत आणला.

भेद करणं अवघड आहे, हे मात्र मला पटतं. मुलांचे फोटो घेऊन वाईट धंदे करणारी माणसं जगात आहेत, तो नियम उगाच झालेला नाही. पण 1972 मध्ये चार माणसांनी हाच अवघड भेद एका संध्याकाळी भांडून केला होता. त्यांच्यापुढे एकच फोटो होता. यांच्यापुढे रोज कोट्यवधी असतात, म्हणून पहिली चाळणी यंत्राची. 2017 मध्ये इन्स्टाग्रामने तक्रार आलेले संवेदनशील फोटो न काढता धूसर करायला सुरुवात केली. काढून टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला मी एवढीही मुभा दिली नव्हती.

तर नात वाट बघत होती. मी चष्मा काढला आणि वर्गात सांगत असे तेच तिला सांगितलं. शेवटी तिने विचारलं, ''मग ती मेली का?''

1984 मध्ये हा प्रश्न कुणी विचारला असता, तर मला उत्तर देता आलं नसतं. आता येतं. ती जगली. चौदा महिने दवाखान्यात होती, सतरा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे क्युबात शिकली, लग्न केलं. 1992 मध्ये विमान इंधनासाठी कॅनडात उतरलं असताना नवऱ्यासह तिथेच आश्रय मागितला. दोन मुलगे आहेत. युद्धात सापडलेल्या मुलांसाठी ती काम करते. साठी ओलांडली आहे तिने. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला हे कधीतरी सांगायचं होतं, पण तोवर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं.

नातीने बटण दाबलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती फोटोकडे. दोन बोटांनी तिने तो मोठा केला, मुलीवरून बाजूला सरकवला, आणि मागच्या रस्त्यापाशी थांबली.

''आजोबा,'' ती म्हणाली, ''हे सैनिक धावत का नाहीयेत?''

पंचवीस वर्षं पुठ्ठा हातात धरून उभा होतो मी. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.