खाडीपलीकडचे विद्यार्थी, समुद्रापलीकडची विद्यापीठे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर अंजनवेल आणि उत्तर तीरावर दाभोळ. मी अंजनवेलचा. आमच्या गोपाळगडाच्या तटावरून पाहिले की खाली खाडीचे तोंड दिसते, पलीकडे दाभोळ आणि त्यामागे दापोली तालुक्याचे डोंगर. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण या खाडीकडे पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे. युरोप आमच्याकडे कसा आला, हे आपण मुलांना शिकवतो. आमच्याकडची मुले युरोपात कशी गेली आणि तिथून काय घेऊन आली, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. आज ते सांगायचे आहे.

आधी युरोप कसा आला ते थोडक्यात पाहू. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी बहामनी राज्यात हिंडून गेला. परतताना तो दाभोळहूनच गलबतात बसला. तो बिचारा हात हलवत आला आणि तसाच गेला. पण १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा आरमार घेऊन खाडीत शिरला. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला तो दीवकडे निघाला होता आणि वाटेत त्याने दाभोळ लुटून जाळले. हा संहार इतका भयंकर होता की त्यावरून शाप देण्याची एक म्हणच पडली, असे पोर्तुगीज इतिहासकारांनीच नोंदवून ठेवले आहे. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी अंजनवेल घेतले. थोडक्यात, युरोपची आमची पहिली ओळख तोफेच्या तोंडून झाली.

त्यानंतर साधारण ऐंशी वर्षांनी याच टापूतून पोरे उलट दिशेने निघाली. या पोरांसाठी शिक्षणाचा पहिला परदेश कोणता होता, ठाऊक आहे? सातारा! दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी अण्णासाहेब, १८७५ साली शालेय परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर साताऱ्याला गेले. पावसाळी हवेत मुंबईचा समुद्रमार्ग बेभरवशाचा, म्हणून ही मुले डोंगरदऱ्या तुडवत, कुंभार्लीचा घाट चढून पायी गेली. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी कर्व्यांकडे पाहिले आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. मुलगा आला तसा परत गेला. शिकण्यासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे ज्यांना असे कळले, त्यांनीच पुढे नात्यातल्या एका हुशार मुलाला मुंबईला आपल्या घरी शिकायला आणले. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. गाव मुर्डी, जन्म १८७६ चा.

परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये केंब्रिजला गेले. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत आणि सर्वांत वरच्याला 'सीनियर रँग्लर'. १८९९ मध्ये परांजपे बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. राज्यकर्त्यांच्या अंगणात, त्यांच्याच परीक्षेत कोकणातला पोरगा पहिला आला, याचा आनंद त्या वेळी केवढा झाला असेल! 'रँग्लर' हा शब्द मराठीत इतका रुळला की परांजप्यांचे तेच पहिले नाव झाले.

आपण सहसा इथेच थांबतो. पण परांजपे इथे थांबले नाहीत. केंब्रिजनंतर त्यांनी पॅरिस आणि जर्मनीतल्या गटिंगेन या विद्यापीठांतही अभ्यास केला. यात महत्त्वाचे काय, ते सांगतो. ट्रायपॉस ही मुख्यतः वेगाची परीक्षा होती. ठरावीक धाटणीचे अवघड प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे, त्यासाठी खासगी शिक्षकांकडून तालीम घ्यायची. त्याच काळात पॅरिसमध्ये प्वांकारे आणि गटिंगेनमध्ये क्लाइन व हिल्बर्ट नवे गणित घडवत होते. इंग्लंड या बाबतीत मागे पडले आहे, असे पुढे हार्डीसारखे इंग्रज गणितज्ञच म्हणू लागले आणि सीनियर रँग्लर ठरवणारी ती क्रमवारी जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली. ज्या शिखरासाठी आपण टाळ्या वाजवल्या, ते शिखर तिथल्याच लोकांनी मोडीत काढले. हे समजायला दुसरा देश पाहावा लागतो. नुसते लंडन-केंब्रिज पाहून आलेल्याला इंग्लंड म्हणजेच युरोप आणि इंग्रजांची मोजपट्टी म्हणजेच जगाची मोजपट्टी वाटण्याचा संभव असतो.

कोणी विचारील, की गटिंगेन पाहून परांजप्यांनी पुढे काय केले? मोठे संशोधन त्यांच्या हातून झाले नाही, हे खरे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला त्यांनी शब्द दिला होता. तो पाळून ते परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्या वेळी त्यांचे वय होते सव्वीस. संशोधकाचे आयुष्य बाजूला पडले, शिक्षकाचे सुरू झाले. पण त्या शिदोरीचा वाटा दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. ब्रह्मदेशात जन्मलेली एक मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आली आणि परांजप्यांच्या घरात त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर वाढली. हीच मुलगी पुढे अण्णासाहेब कर्व्यांची सून झाली. तिचे नाव इरावती.

इरावतीबाईंकडे येण्याआधी या टापूतल्या आणखी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगायला हवी. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले होते. म्हणजे मुर्डी, मुरुड, आंबडवे ही सगळी आमच्या खाडीच्या उत्तरेची गावे. पण परांजप्यांच्या वाटेत घाट असेल तर बाबासाहेबांच्या वाटेत भिंत होती. ज्या समाजात पाण्याला शिवायची बंदी, त्या समाजातला तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला. तिथून १९१६ मध्ये लंडनला आला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्याला परतावे लागले. मग मुंबईत नोकरी, काटकसर, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. हे सगळे चालू असताना १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र जर्मन भाषेत होते. १९२२ मध्ये बॉनच्या पटावर त्यांचे नाव नोंदले गेले.

बॉनला त्यांना फार काळ राहता आले नाही. पैसा आणि वेळ, दोन्ही अपुरे होते. पण हा मनुष्य त्या वेळी कोणता प्रश्न घेऊन हिंडत होता, ते पाहा. विषय होता रुपयाचा. रुपयाची किंमत कशी ठरावी आणि सरकारच्या हाती ती किती असावी, हा तो प्रश्न. आणि १९२२-२३ मध्ये जर्मनीचा मार्क डोळ्यांदेखत मातीमोल होत होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क पडत होते! चलन सैल सुटले तर सामान्य माणसाची पुंजी कशी उडते, याचे एवढे मोठे उदाहरण दुसरे नसेल. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांचा प्रबंध स्वीकारला आणि तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत भाषण करताना बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. जमलेले लोक बहुतेक कोकणातले कष्टकरी. त्यांना हा माणूस सांगत होता, की तुमची ही सभा जगाच्या इतिहासातल्या त्या सभेच्या तोलाची आहे. परदेशी शिक्षणाचा याहून मोठा उपयोग मला दुसरा दिसत नाही. युरोपचा इतिहास त्यांनी स्वतःच्या गावकऱ्यांच्या कामाला लावला.

आता इरावतीबाई. १९२८ मध्ये त्या बर्लिनला निघाल्या तेव्हा सासऱ्यांचा, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या अण्णासाहेबांचा, त्याला विरोध होता. थोर माणसांचाही पाय कुठेतरी अडतो. इरावतीबाई जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन गेल्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचे तिथले मोठे नाव. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे का, हे त्यांना तपासायचे होते. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ आणि ते त्याच्या कवटीतच दिसते, अशी त्यामागची समजूत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि निष्कर्ष लिहिला, की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, कर्जावर शिकणाऱ्या, पंचविशीतही न पोचलेल्या हिंदी बाईने आपल्या मार्गदर्शकाच्या समजुतीविरुद्ध लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तीनच वर्षांनी जर्मनीत नाझी सत्तेवर आले, आणि फिशर यांची ती संस्था वंशद्वेषाच्या राजकारणाला जुंपली गेली. तेव्हा त्या आकड्यांची किंमत किती होती, हे आज आपल्याला कळते.

आणि अण्णासाहेब? १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते स्वतः युरोपला गेले. जिनिव्हा आणि डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथल्या शिक्षणपरिषदांना हजर राहिले. ज्या मुलाला साताऱ्याहून परत पाठवले होते, तो आता जिनिव्हात हिंदी स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलत होता.

श्रोतेहो, हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. २००४ पासून युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस नावाची योजना चालू आहे. तिच्यात एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकतात. माझी एक विद्यार्थिनी अशीच तीन देशांत राहून आली. नेदरलँड्समध्ये प्राध्यापकांना नावाने हाक मारायची म्हणून ती आधी बावरली. इटलीत तोंडी परीक्षेने तिला घाम फोडला. आणि तिसरा देश होता पोर्तुगाल. लिस्बनला नदीकाठी दर्यावर्दींचे मोठे दगडी स्मारक आहे. तिथे तिने बरोबरच्या मुलांना दाभोळ कसे जळाले ते सांगितले. त्यांतल्या पोर्तुगीज मुलीने हे नाव कधी ऐकलेच नव्हते. दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसल्या. "सर, प्रत्येक देशाला वाटतं आपलीच पद्धत बरोबर," ती मला म्हणाली, "म्हणून मग मी आपल्या गावाच्याही पद्धतींकडे तसंच बघायला लागले."

तिच्या आईवडिलांनी बागेवर कर्ज काढले आहे आणि ते फिटायचे आहे. कोकणात अशी घरे आता बरीच आहेत. शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती राज्य सरकार देते, तीही काहींना मिळते. मुलगा किंवा मुलगी परतली की गाव पहिला प्रश्न विचारतो, नोकरी कुठे लागली, पगार किती? कर्ज काढलेल्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याच्या मागोमाग दुसराही विचारावा. तिथे काय पाहिलेस, कशाशी ताडून पाहिलेस आणि इथले काय तुला आता खटकते? उत्तर ऐकताना आपल्याला थोडे झोंबेल. ते ऐकून घ्यायची तयारी ज्या घरात असेल, त्या घराचे पैसे वाया गेले नाहीत, असे मी म्हणेन.