क्लिक केल्यावर काय घडावे, हे कोण लिहितो? : व्हिज्युअल बेसिकचा तास आणि आपला इतिहास

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातल्या आपल्या कितीतरी मुलामुलींनी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स' हा विषय घेतला आहे. मुंबई विद्यापीठाच्या या विषयात सहाव्या सत्राला व्हिज्युअल बेसिक शिकवले जात असे. फॉर्मवर लेबल ठेवा, टेक्स्ट बॉक्स ठेवा, कमांड बटण ठेवा, बटणावर क्लिक झाल्यावर काय व्हावे ते लिहा. लेखी पेपरात तोच कोड हाताने उतरवायचा, मार्क घ्यायचे आणि निकाल लागला की विसरून जायचे. 'नोकरीला उपयोग नाही, जुनी भाषा आहे' असे म्हणून हा विषय आपल्यातही हसण्यावारी नेला जातो.

माझे म्हणणे उलट आहे. त्या चार-सहा आठवड्यांत आपल्या मुलांच्या हाती जे ठेवले गेले, ते मिळवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षे झुंज दिली आहे. फक्त ते काय आहे हे आपल्याला कोणी सांगितले नाही. म्हणून आधी इतिहास.

संगणकाची सुरुवात मूठभर लोकांच्या ताब्यात झाली. आपल्या मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला. तेव्हा संगणकासमोर बसणे ही शास्त्रज्ञांची मक्तेदारी होती. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ठरलेल्या क्रमाने चाले. माणसाने काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे यंत्र ठरवी. माणूस फक्त उत्तरे देई.

१ मे १९६४ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी 'बेसिक' ही भाषा चालू केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक चालवता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. विचार मोठा होता. पण 'सर्वांसाठी' म्हणणाऱ्या त्या कॉलेजात १९७२ पर्यंत पदवीसाठी मुलींना प्रवेश नव्हता. 'सर्व' या शब्दात कोण मोजले जाते हा प्रश्न तिथेही होताच.

पुढे अ‍ॅलन कूपर याने पडद्यावर वस्तू ओढून मांडण्याचे एक साधन बनवले. १९८८ साली ते मायक्रोसॉफ्टने घेतले, त्याला बेसिकची जोड दिली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आले. इथे क्रम उलटा झाला. प्रोग्राम सुरू होतो आणि वाट पाहत बसतो. वापरणारा कोणते बटण आधी दाबेल, कोणत्या चौकटीत आधी लिहील, हे तोच ठरवतो. क्लिक झाले, कळ दाबली गेली, चौकटीतला मजकूर बदलला, की ती एक 'घटना'. त्या घटनेला जोडलेला कोडचा तुकडा तेवढा चालतो. तुकडा लिहिलेलाच नसेल तर बटण दाबले जाते, आत जाते, वर येते आणि काहीही होत नाही.

आता आपल्या तारखा शेजारी ठेवा. ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा झाली. एप्रिल १९९१ मध्ये बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष संपले. मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि जुलै १९९१ मध्ये देशाने खाजगीकरणाची वाट धरली. संगणकाच्या नोकऱ्या पुढे वाढल्या त्या मुख्यतः खाजगी कंपन्यांत, आणि घटनेतले नोकरीतले आरक्षण आहे ते सरकारी सेवेत. म्हणजे दार उघडले ते नेमके त्या भिंतीत, जिथे आपली किल्ली लागत नव्हती. याला कोणी योगायोग म्हणो वा डाव, आपल्यापुरता परिणाम एकच होता.

बाबासाहेबांनी हा धोका अर्धशतक आधी ओळखला होता. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण अस्पृश्यांना पुरे पडणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी हवी. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज आणि १९५३ ला वाणिज्य शाखेचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. छापखाना आणि रेल्वे कारखाना हे त्या काळचे तंत्रज्ञान. आज त्या जागी काय आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या तासातला नेहमीचा एक प्रोग्राम घ्या : सरळव्याज. तीन टेक्स्ट बॉक्स. मुद्दल, दर, मुदत. एक बटण. मुद्दल ५००० रुपये, दर १० टक्के, मुदत २ वर्षे. बटण दाबले की उत्तर १००० रुपये. आता बटणामागची एक ओळ बदला आणि चक्रवाढ करा. उत्तर १०५० येईल. फॉर्म तोच, चौकटी त्याच, बटणावरची अक्षरेही तीच. दाबणाऱ्याला फरक दिसत नाही, पन्नास रुपये मात्र जातात.

हा खेळ आपल्याला नवा आहे का? याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला, वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि नवरा-बायको दोघेही त्याच्या शेतावर राबत राहत. त्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटले की नाही हे सावकाराची वही सांगे, आणि वही वाचता येई ती फक्त सावकाराला. मे १९४५ मध्ये झरीला वारली जमले आणि लाल बावट्याखाली ही वेठ मोडायला उठले. कोकणातल्या खोताची गोष्ट वेगळी नव्हती. म्हणूनच १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून दाखवले होते की लेखणी एकाच जातीच्या हाती राहिली की अडाणी शेतकरी कागदावरच कसा लुटला जातो.

लेखणी, मग वही, आता कोड. साधन बदलले. प्रश्न तोच आहे : हिशेब कोण लिहितो आणि तो कोणाला वाचता येतो?

'संगणकाला जात नसते' असे आपल्याला ऐकवले जाते. खरे आहे, बेरजेला जात नसते. पण फॉर्मवर कोणत्या चौकटी असाव्यात, कोणती चौकट रिकामी ठेवली तर अर्ज अडवायचा, आडनाव आणि पत्ता कशासाठी विचारायचा, चूक झाली तर दुरुस्तीचे बटण द्यायचे की नाही, हे सगळे माणसे ठरवतात, आणि माणसांना जात असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी, रेशन, परीक्षेचा फॉर्म, आज आपला प्रत्येक हक्क कुठल्या तरी पडद्यावरच्या बटणामागे आहे.

व्हिज्युअल बेसिक शिकणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात एक विचित्र गोष्ट पाहतो. एका चौकटीत ५, दुसऱ्या चौकटीत ५, मध्ये अधिकचे चिन्ह, आणि उत्तर येते ५५. कारण चौकटीत लिहिलेले सगळे यंत्राच्या लेखी नुसता मजकूर असते. 'व्हॅल' लावून ही संख्या आहे असे बजावावे लागते, तेव्हा कुठे १० येतात. ही शिकवण लहान नाही. यंत्र तुम्हाला जे समजते तेच तुम्ही त्याच्यासाठी असता, आणि ते बदलायचे तर आत जाऊन बदलावे लागते. बाहेरून बटण कितीही जोरात दाबले तरी ५५ चे १० होत नाहीत.

मराठीत एक गंमत आहे. 'घटना' म्हणजे घडणारी गोष्ट आणि 'घटना' म्हणजे संविधानही. या प्रकारच्या प्रोग्रामिंगला मराठीत 'घटनाचालित' म्हणता येईल, आणि आपली चळवळही दुसऱ्या अर्थाने घटनेवरच चालते. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २६ जानेवारी १९५० पासून कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण त्या कलमामागे शिक्षा देणारा देशभराचा कायदा आला तो १९५५ साली आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा आला १९८९ साली. मधल्या काळात हक्क होता, पण तो दाबल्यावर पुढे काय व्हावे याचा तपशील अपुरा होता. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी, आज जे कलम ३२ आहे, त्याला संविधानाचा आत्मा म्हटले. कारण हक्क मोडला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल, ही तरतूद त्यात आहे. नुसते बटण देऊन ते थांबले नाहीत. बटणामागे काय व्हावे, तेही त्यांनी लिहून घेतले.

आता दोन आक्षेप. पहिला : व्हिज्युअल बेसिक मेलेली भाषा आहे. बरोबर. सहावी आवृत्ती १९९८ ची, तिचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ साली काढून घेतला, आणि तरी आपल्या वर्गांत ती पुढे कित्येक वर्षे शिकवली गेली. अभ्यासक्रम वेळेवर बदलावा ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी जोरात करायला हवी. पण भाषा मेली म्हणून कल्पना मरत नाही. तुमच्या हातातल्या मोबाइलवर बोट टेकले की घडते ती घटनाच. वेबपानावरचे प्रत्येक बटण जावास्क्रिप्टमध्ये याच पद्धतीने चालते. ज्याला क्लिक आणि त्यामागचा कोड यांचे नाते समजले, त्याला पुढची भाषा उचलायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, शिकायचे कशाला? सावकारही वही लिहूनच देत होता. प्रश्न ती वाचता येण्याचा होता.

आपल्या गावाकडेही एकदा पाहा. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. इथला स्तूप आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला मिळाला तो १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. अशोकाने राज्याचा विचार लोकांच्या प्राकृतात, उघड्यावर, दगडावर कोरला. कोणाच्या बंद वहीत ठेवला नाही. ज्या मातीत असे लेख सापडले, तिथली मुले विरार लोकल पकडून दुसऱ्यांनी लिहिलेल्या फॉर्ममध्ये फक्त डेटा भरायला जात असतील, तर काहीतरी अर्धवट राहिले आहे.

डेटा भरण्याचे काम कमी दर्जाचे नाही. त्याने घरे चालली आहेत. पण आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या बटण दाबणाराच राहिला तर आपण मागणी करत राहू आणि उत्तर दुसरेच लिहीत राहतील.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. जयंतीच्या खर्चातून बुद्धविहारात दोन जुने संगणक घ्या. रविवारी दोन तास वर्ग चालवा. ज्यांनी हा विषय घेतला त्यांनाच शिकवायला बसवा, मुलींना पहिल्या रांगेत बसवा. पहिला प्रोग्राम सरळव्याजाचा करा आणि मराठीत करा : लेबलवर 'मुद्दल' लिहा, बटणावर 'व्याज काढा' लिहा. मग बचतगटातल्या आपल्या आयाबहिणींना बोलवा, त्यांच्या कर्जाचे खरे आकडे त्यात घाला, आणि कर्ज देणाऱ्याच्या पावतीशी उत्तर ताडून पाहा.

जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर आपल्या मुलांनी शिकलेल्या त्या विषयाचा उपयोग काय, हे त्या दिवशी कोणाला विचारावे लागणार नाही.

जय भीम!