युवराज आणि जोडे शिवणारा

अठराव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्र म्हणजे सत्तेविरुद्धचे हत्यार, असे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. जेम्स गिलरेचे १७९२ चे चित्र दाखवीत असे : खाऊन सुस्तावलेला युवराज काट्याने दात कोरतो आहे, मागे थकलेली बिले. राजघराण्याची अशी टर उडवता येते, याचे मला अप्रूप वाटे.

त्याच १७९२ साली टॉमस हार्डी या जोडे शिवणाऱ्याने लंडन करस्पाँडिंग सोसायटी काढली. वर्गणी आठवड्याला एक पेनी. मागणी प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताधिकाराची. १७९४ साली हार्डीवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. १७९७ मध्ये गिलरेला सरकारी तनखा सुरू झाला. १७९८ च्या त्याच्या चित्रात हेच सभासद तळघरात भेदरून बसले आहेत, तोंडे माकडांची.

माझे वडीलही जोडे शिवीत. घरातला पहिला पदवीधर मी. हे चित्र पाहून मला हसू आले नाही. युवराजाला हसले ते त्याच्या खादाडपणाला; कष्टकऱ्यांना हसले ते त्यांच्या माणूसपणालाच. राजाला हसणारा आपला असतोच असे नाही. आता मी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून शिकवतो.