दोह्यातला आठवा दिवस



अदनच्या पलटणीत नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींवर आम्ही लिहिले होते. त्यावर घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "पुरुषांच्या हुद्द्यांचे सगळे लिहिलेत, पण त्यांच्या बायका बाळंत कुठे होत होत्या?" प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजाचा इतिहास सुभेदार, हझान आणि सिनेगॉगचे मुकादम यांनी भरलेला आहे. कडेवर एक, हाताशी एक आणि पोटात एक घेऊन परमुलखात संसार करणारी बाई त्यात क्वचितच दिसते. अदनचे बोलायला तिथली कोणी आता उरलेली नाही. कतारचे मात्र आम्ही सांगू शकतो, कारण ते आमच्याच घरात घडले.

आम्ही २००२ साली दोह्याला गेलो. सौ. आणि मोठी मुलगी काही महिन्यांनी आल्या. धाकटा मुलगा २००३ मध्ये ठाण्याला जन्मला आणि तीन महिन्यांचा होऊन दोह्यात आला. २००५ च्या मार्चमध्ये तिसऱ्याची चाहूल लागली तेव्हा मोठी पाच वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा होता.

कोकणी माणसाला आखात नवे नाही. कतारचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९३० च्या दशकात जपानी मोत्यांनी तो धंदा बसवला आणि पुढे १९४९ पासून दुखानचे तेल जहाजांवर चढू लागले. १९६६ पर्यंत दोह्याच्या बाजारात रुपयाच चाले. १९५९ पासून त्यासाठी रिझर्व्ह बँक खास आखाती नोटा काढत होती. आम्ही गेलो तोवर रियाल येऊन बरीच वर्षे झाली होती, पण बाजारात हिंदी मात्र चालत होते.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. मुंबईच्या कचेऱ्यांत शिरल्यावर कित्येकांचा तो शनिवार गेला. कतारमध्ये २००३ साली साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाली आणि आम्हाला न मागता शब्बाथ मिळाला! ज्या शहरात सिनेगॉग नाही, दहा ज्यू पुरुषांचा मिन्यान जमणे शक्य नाही, तिथे शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून शनिवारभर घरात बसता येत होते.

सिनेगॉगला आपली जुनी माणसे 'मशीद' म्हणतात. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली शाआर हारहमीम ती 'जुनी मशीद', आणि मस्जिद स्टेशनाचे नावही तिच्यावरूनच पडले असे सांगतात. सासूबाईंनी एकदा फोनवर मोठ्याने विचारले, "तिथे मशीद जवळ आहे का रे?" फोन लावून देणारी शेजारीण, मूळची खेडची, ती लगेच म्हणाली, "हां खाला, तीन हायत!" आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. तिने आम्हाला रत्नागिरीकडचे धरले आणि तीन वर्षे तेच पुरले. आम्ही कोण ते तिला पुढे कळले. तेव्हा ती एवढेच बोलली, "म्हंजे तुमचीबी सुंता व्हते ना? मंग झालं." त्या सुंतेनेच आम्हाला त्या वर्षी घोर लावला.

बेने इस्राएल कोकणात हिब्रू विसरले, पण शेमाचा पहिला चरण, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि आठव्या दिवसाची सुंता त्यांनी सोडली नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात याच आधारावर समाजाची ओळख मांडली आहे. मुलाचे नाव सुंतेच्या वेळी ठेवायचे, मुलीचे बाराव्या दिवशी पाळण्यात. मुलगा झाला तर आईचा चाळिसावा दिवस, मुलगी झाली तर ऐंशीवा. कराचीला माणसे गेली तर १८९३ मध्ये तिथे मागेन शालोम उभे राहिले. आपले लोक गठ्ठ्याने जात, म्हणून विधी करणाराही सोबत असे किंवा बोलावता येई. दोह्यात आम्ही एकटे होतो. मोहेल म्हणजे ठाणे किंवा मुंबई.

म्हणून बेत ठरला तो ठाण्याचा. त्याचा हिशोब असा. बहुतेक विमान कंपन्या सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि छत्तीस आठवड्यांच्या आसपास तर घेतच नाहीत. म्हणजे तिसाव्या आठवड्यात निघायचे. पुढे सत्तर दिवस बाळंतपणाला. मुलगी झाली तर वर ऐंशी, झाले दीडशे. मग बाळाचा पासपोर्ट आणि कतारचा व्हिसा. आणि कतारबाहेर सलग सहा महिने राहिले की निवासाचा परवाना रद्द! मोशेच्या नियमशास्त्राचे ऐंशी दिवस आणि इमिग्रेशनचे एकशे ऐंशी, असा तो मेळ आम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीने घालत होतो. मुलगा झाला तर चाळीस दिवस वाचत होते. सौ. म्हणाली, "मुलगी झाली तर मी तीस दिवसांत पासपोर्ट कुठून आणू? देवाला सांगा, ऑफिसला सांगा, कुणाला तरी सांगा."

तो उन्हाळा लांबला. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की मुलांना दुपारी खाली नेता येत नाही. दोन खोल्यांत दोन मुले आणि एक एसी. सौ.ला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे तपासणी, किराणा, धाकट्याचा ताप, सगळे आमच्या पाचनंतर. दुपारी ती मोठीला मुळाक्षरे गिरवायला बसवी आणि तेवढ्यात धाकटा पिठाचा डबा उपडा करी. मटणाची सोय नव्हती, तेव्हा आठवडाभर हमूर नाहीतर सुरमई, नारळाच्या दुधात. मासळीला खवले आणि पर आहेत ना, हे पाहायला मोठी मुलगी शिकली होती. मासळीबाजारात ती कोळंबीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणे, "हे आपलं नाही." विकणारा हसे.

ऑगस्टच्या शेवटी, अठ्ठाविसावा आठवडा चालू असताना एका पहाटे रक्तस्राव झाला. शेजारीण झोपेतून उठून मुलांजवळ येऊन बसली. तपासात निघाले की वार खाली आली आहे. आधीच्या एका ठिकाणी हे दिसायला हवे होते, दिसले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. विमान नाही, जिना नाही, मूल उचलणे नाही. तिसरी गोष्ट पावणेदोन वर्षांच्या मुलाला कशी समजवायची? तो पलंगाला धरून हात वर करून उभा राही, आणि सौ. भिंतीकडे तोंड फिरवी.

त्या दिवसांत आमच्या मनात डॉ. जेरुशा झिराड वारंवार येत. आपल्या समाजातल्या या बाई १८९० साली जन्मल्या, १९१९ मध्ये लंडनची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली एम.डी. झाल्या, १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. लहानपणी त्यांची बहीण कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हाच त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले होते. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी करून लिहिलेला त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. आम्ही सत्काराच्या लेखांत त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्यांचे खरे काम हे होते: प्रत्येक मृत्यूमागे जाऊन 'हा टळला असता का?' असे विचारणे. आमच्या आज्यांच्या पिढीत वार खाली असलेली बाई घरीच बाळंत व्हायला बसली तर काय होई, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. एवढेच ऐकतो की अमकीची पहिली बायको 'बाळंतपणात गेली'. आमच्याही घराण्यात अशी एक आहे. तिचे नाव कुणाला आठवत नाही.

दोह्यात सरकारी रुग्णालय १९५७ पासून, रुमैला म्हणून. बायकांचे वेगळे विमेन्स हॉस्पिटल १९८८ मध्ये झाले. सौ.चे नाव तिथे घातले आणि ठाण्याची तिकिटे परत केली. फोनवर नात्यातल्या एका मामांनी विचारले, "मग मुलगा झाला तर आठव्या दिवसाचे काय?" आम्ही चिडून बोललो. जिवाला धोका असेल तर शब्बाथसुद्धा मोडावा हे मामांनाही ठाऊक होते. पण त्यांचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता, आणि चिडलो ते बहुधा म्हणूनच.

सप्टेंबरच्या मध्याला सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. बॅगेत डिंक, हळीव, सुंठ आणि धाकट्यासाठी लाकडी घोडा. घर रुळावर आले. वेण्या घालायला आम्ही तोवर शिकलो होतो. पहिल्या आठवड्यात त्या वेण्या शाळेच्या बसपर्यंतही टिकत नसत, हे कबूल करतो. सासूबाईंनी त्या तशाच चालू ठेवायला लावल्या: "बापाच्या हाताची सवय झालीय तिला, राहू दे."

त्या वर्षी नव्याचा सण आणि रमजान एकाच चंद्रावर आले. रोश हशाना ४ ऑक्टोबरला, रोजेही त्याच सुमारास सुरू. ऑफिस दुपारी सुटू लागले. आम्ही लवकर घरी येऊ लागलो, आणि त्या महिन्यानेच आम्हाला तारले. संध्याकाळी शेजारणीकडून इफ्तारचे ताट येई, त्यात खजूर असत. दारफाळणीच्या सणाला आम्ही उपास केला. सौ.ला आणि सासूबाईंना करू दिला नाही. सासूबाईंनी आमच्याशी दोन दिवस अबोला धरला.

२७ ऑक्टोबर २००५, गुरुवार. ऑपरेशन करून बाळ काढावे लागले. मुलगा झाला, वजन दोन किलो दोनशे. रक्त बरेच गेले, बाहेरून चढवावे लागले. ते कोणाचे, हे आम्हाला कधी कळणार नाही. रात्री उशिरा सौ. शुद्धीवर येऊन पहिले वाक्य बोलली ते "धाकट्याने दूध घेतलं का?"

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे पडले. त्याला दिव्याखाली ठेवले. आठवा दिवस आला तो ३ नोव्हेंबर, गुरुवार, आणि त्याच दिवशी ईद! सगळे शहर नव्या कपड्यांत होते. मोहेल असता तरी सुंता झाली नसती. तालमूदात शब्बाथच्या भागात नाथान बाब्लीची गोष्ट आहे. एका बाईने पहिल्या मुलाची सुंता केली, तो मेला. दुसऱ्याची केली, तोही मेला. तिसरा तिने त्याच्यापुढे आणला. मूल तांबडेलाल दिसले, म्हणून नाथान म्हणाला, रक्त अंगात मुरेपर्यंत थांब. ती थांबली, मूल जगले. दुसऱ्या गावी एकीचे तिसरे मूल फिकट, पिवळट दिसले, तिलाही त्याने तेच सांगितले. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन बायकांची नावे तालमूद देत नाही. पण थांबण्याची परवानगी आपल्याला त्यांच्यामुळे मिळाली आहे, आणि आजही पिवळ्या मुलाला मोहेल हात लावत नाही. आम्ही ती गोष्ट फोनवर मामांना सांगितली. ते म्हणाले, "मला माहीत आहे रे. मी फक्त विचारत होतो."

अडचण वेगळीच निघाली. मुलाचे नाव सुंतेला ठेवायचे, पण जन्मदाखल्याला आणि वकिलातीतल्या पासपोर्टाला नाव आधी हवे. नावाशिवाय पासपोर्ट नाही, पासपोर्टाशिवाय ठाणे नाही, ठाण्याशिवाय सुंता नाही! सासूबाईंनी सोडवणूक केली. जुनी माणसे दोन नावे वापरत. सिनेगॉगात सॅम्युएल एझेकिएल, तर गावात आणि पलटणीत समाजी हसाजी. "कागदाला कागदाचं नाव द्या. त्याचं नाव तिथे ठेवू." तसे केले. चाळिसाव्या दिवशी सौ.ने न्हाऊन पहिल्यांदा धाकट्याला कडेवर घेतले. तो आता दोन वर्षांचा झाला होता आणि थोडा रागावलेला होता. दहा मिनिटे अंग ताठ करून राहिला.

जानेवारीच्या अखेरीस सगळे निघालो. शब्बाथला उशिराची सुंता करीत नाहीत, म्हणून ५ फेब्रुवारी २००६ चा रविवार धरला. ठाण्याच्या शाआर हाशामाईममध्ये, १८७९ पासून उभ्या असलेल्या त्या सिनेगॉगात, एलियाहू हन्नाबीची खुर्ची मांडली. बाळ आता पाच किलोंचे होते आणि भूक लागल्यावर जसे रडे त्याहून फार वेगळे रडले नाही. मामांनी मांडीवर घेतले होते. त्यांचेच हात थरथरत होते.

आठ दिवसांनी तू बिश्वात होते. आम्ही अलिबागेजवळच्या खंडाळ्याला गेलो, जिथे एलियाहूचा रथ उतरला असे आपण मानतो. सौ.ने ऑपरेशनच्या आदल्या रात्री नवस बोलला होता, तो फेडला. मलिद्याला पोहे, गूळ आणि ओले खोबरे अलिबागचे, खजूर मात्र दोह्याचे. ते शेजारणीने निघताना बांधून दिले होते, दोन किलो. मोठीने सगळ्यांना वाटले.

मुलाच्या पासपोर्टावर जन्मस्थळ दोहा आहे. सिनेगॉगात ठेवलेले नाव वेगळे आहे, आणि ते कोणते हे वाचकांनी ओळखले असेलच.