'वाजवी मुदती'ची पळवाट

मुंबई प्रांताच्या १९२५ सालच्या रोखे-करार नियंत्रण कायद्याने मान्यताप्राप्त बाजाराचे नियम सोडून केलेले रोख्यांचे वायदे रद्दबातल ठरविले. मात्र ज्या सौद्यात मुदत लिहिलेली नाही व जो तत्काळ किंवा 'वाजवी मुदतीत' पुरा व्हावयाचा, तो हजर सौदा म्हणून वगळला. आम्हां वकिलांना ही मुदत नवसासारखी वाटते. फेडावयाचा खरा, पण केव्हा? सट्टेबाजांना एवढी फट पुरेशी होती. हाती रोखा नाही, गाठीस पैसा नाही, तरी सौदा 'हजर'च! पुढे १९५० साली संविधानाने शेअरबाजाराचा विषय केंद्राकडे सोपविला. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने हजर सौद्याची व्याख्याच बदलली : रोखा व पैसा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष द्यावयाचा.